खिचडी, प्रार्थना आणि तिसरी रात्र

१ जानेवारी २०२५ पासून इंदुरात भीक देणाराही पोलिसांच्या वहीत जाऊ लागला. जिल्हा प्रशासनानं तसा आदेश काढला. भिकाऱ्यांची खबर देणाऱ्याला हजार रुपये जाहीर झाले, आणि गुन्हे नोंदले जायलाही फार दिवस लागले नाहीत.

तेव्हापासून रामबागेतल्या आमच्या ओट्यावर एक विषय सारखा निघतो. एक काका विचारतात, "मग रात्री सरवटे स्टँडकडे खिचडी वाटणारे ते चर्चवाले? त्यांचं काय?" दुसरे म्हणतात, "खिचडी नुसतं निमित्त हो. पुढे येशूचं पुस्तक हातात येतं." तिसरे सहसा बोलत नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "माझ्या मावसभावाची दारू अशाच एका ठिकाणी सुटली. घरी आम्ही अकरा वर्षं झटलो, नाही जमलं."

तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. रस्त्यावरच्या आणि व्यसनात अडकलेल्या माणसांसाठी ख्रिस्ती मंडळी जे सेवाकार्य करतात, ते नक्की कसं चालतं आणि कुठे अडतं, ते पायरीपायरीनं बघू.

बेघर कोण, आणि तो रैनबसेऱ्यात (रात्रीच्या सरकारी निवाऱ्यात) का जात नाही?

जनगणनेच्या हिशेबात बेघर म्हणजे रस्त्याकडेला, पुलाखाली, देवळाच्या आवारात, फलाटावर, जिन्याखाली किंवा सिमेंटच्या मोठ्या पाइपात रात्र काढणारा माणूस. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री गणक अशा लोकांना मोजायला बाहेर पडले. देशभरात सुमारे १७.७ लाख भरले, त्यातले निम्म्याहून जास्त शहरांत. रात्री कुठेतरी कोपऱ्यात मुटकुळं करून पडलेला माणूस मोजणीत सापडतोच असं नाही, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचायचा.

सर्वोच्च न्यायालयानं मोठ्या शहरांना सांगितलं आहे की दर लाख वस्तीमागे चोवीस तास उघडा असा एक तरी निवारा हवा. सरकारी योजनेत माणशी ५० चौरस फूट जागा धरली आहे. कागदावर सोय आहे. पण निवाऱ्याच्या दारावर पहिली अट असते, प्यायलेला माणूस आत नको. व्यवस्थापकाच्या बाजूनं ती रास्तच आहे, आत बायका-मुलं झोपलेली असतात. मात्र ज्याला छपराची सगळ्यात जास्त गरज, तोच त्या अटीनं बाहेर राहतो. हातगाडी आत नेता येत नाही, बाहेर ठेवली तर सकाळी जागेवर नसते. आणि गाडीत बसवून नेणाऱ्यांवर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्नही आहेच. जानेवारी २०२१ मध्ये याच शहरातल्या म्हाताऱ्या बेघरांना पालिकेच्या गाडीतून शिप्रा गावाजवळ हायवेवर उतरवल्याचा व्हिडिओ देशानं पाहिला. स्वच्छतेत पहिल्या येणाऱ्या शहरात कचरा कशाला म्हणायचं, असा प्रश्न तेव्हा पडला होता. गावकऱ्यांनी हटकल्यावर त्या म्हाताऱ्यांना परत गाडीत बसवण्यात आलं.

दारू आधी की फुटपाथ आधी?

"प्यायला म्हणून रस्त्यावर आला" हे आपलं ठरलेलं वाक्य. अनेकांच्या बाबतीत खरंही असतं. पण भिंतीच्या ओलीसारखा हा प्रकार आहे. ओल आली की प्लास्टर पडतं, आणि प्लास्टर पडलं की ओल आणखी आत शिरते. कुठून सुरू झालं हे घरमालकालाही सांगता येत नाही. काम सुटलं, बायको माहेरी गेली, भावानं वाटणीतून बाहेर काढलं, मग फलाट. फलाटावर डिसेंबरची थंडी, पोलिसाची काठी आणि उशाखालची पिशवी जाण्याची भीती. तिथे कलालीतला पव्वा पांघरुणाचं काम करतो. पंक्चरचं सुलेशन हुंगणाऱ्या पोरांचंही तेच, भूक मरते आणि गारठा कळत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त निघालं. बाकी कुठल्याही नशेत असं दिसलं नाही.

त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. दारूवाचून ज्यांचं चालत नाही अशा ३८ जणांपैकी एकालाच कसले ना कसले उपचार मिळतात. दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक. घरदार असलेले धरून ही गत. फुटपाथवाल्याचा नंबर कधी लागणार, याचा अंदाज तुम्हीच करा.

तिसरी रात्र

आता थोडं शरीरशास्त्र, कारण भल्या मनानं केलेली सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

रस्सीखेच आठवा. दारू मेंदूला सुस्तीकडे ओढते. रोज ओढते म्हणून मेंदूही पाय रोवून उलट्या बाजूला, जागं राहण्याकडे जोर लावायला शिकतो. वर्षानुवर्षं दोन्ही बाजू ताणून उभ्या. एके दिवशी दारूनं दोर अचानक सोडला तर मेंदू पाठीवर आपटतो. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. याला डॉक्टर 'विथड्रॉअल' म्हणतात, आपण उतार म्हणू. काहींना पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भिंतीवर किडे दिसू लागतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. या अवस्थेत उपचाराविना जीवही जातो. दारूचा उतार ही जीवघेणी गोष्ट असू शकते, हे आपल्याकडे सुशिक्षितांनाही माहीत नसतं. "कोंडून ठेवा चार दिवस, उतरेल आपोआप" असं आपण बिनदिक्कत सांगतो.

त्यावर साधी, जुनी औषधं आहेत. मेंदूचा ताण हळूहळू खाली आणणाऱ्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. पण त्यासाठी डॉक्टर लागतो.

ब्राउन शुगरसारख्या नशेची गोष्ट उलटी. तिचा उतार भयंकर त्रासाचा असतो, पण सहसा मारत नाही. मरण येतं ते नंतर. दोन महिने नशेविना राहिलेलं शरीर जुनी ताकद विसरतं, माणूस मात्र जुनंच माप विसरत नाही. बाहेर आल्यावर पूर्वीएवढाच डोस घेतो आणि श्वास थांबतो.

म्हणून कुठलंही केंद्र, चर्चचं असो की आश्रमाचं, बघताना पहिला प्रश्न हा विचारायचा: तिसऱ्या रात्री इथे डॉक्टर कोण असतो? "आम्ही प्रार्थना करतो" एवढंच उत्तर आलं तर माणसाला तिथे ठेवू नका. हे मी श्रद्धेच्या विरोधात म्हणत नाहीये. ज्या गोष्टीतून ही सगळी चळवळ निघाली, त्या गोष्टीतही जखमा आधी बांधल्या जातात.

चांगल्या शोमरोन्याचा हिशेब

ती गोष्ट येशूनं सांगितलेली. वाटेत लुटारूंनी मारून अर्धमेला केलेला एक माणूस पडलेला आहे. याजक बघून पुढे जातो, दुसरा धार्मिक माणूसही जातो. मग ज्यांना यहुदी लोक हलकं मानत अशा शोमरोनी जातीचा एक प्रवासी थांबतो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो (दारूचा औषधी उपयोग, हवं तर तशी नोंद घ्या), आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, मालकाला दोन नाणी देतो आणि सांगतो, जास्त लागलं तर परत येताना देईन.

ख्रिस्ती सेवाकार्याचा सगळा आराखडा यात आला: मलमपट्टी, निवारा, आणि परत येण्याचा शब्द. जखमी माणसाचा धर्म विचारलेला नाही, हेही आलं.

आधुनिक रूपात हे काम एकोणिसाव्या शतकात उभं राहिलं. लंडनच्या पूर्व भागात विल्यम आणि कॅथरीन बूथ यांनी १८६५ मध्ये सुरू केलेल्या मिशनचं १८७८ मध्ये 'साल्व्हेशन आर्मी' झालं, मराठीत मुक्तिफौज. न्यूयॉर्कच्या वॉटर स्ट्रीटवर १८७२ मध्ये जेरी मॅकऑले यानं बेवड्यांसाठी घर उघडलं. हा गृहस्थ स्वतः नदीवरचा चोर आणि दारुडा होता, तुरुंगातून आलेला. 'जो त्यातून गेला, त्यानं दुसऱ्याला काढायचं' ही रीत इथे दिसते. मुक्तिफौजेचे चार जण १८८२ मध्ये मुंबईत उतरले. त्यांचा पुढारी फ्रेडरिक टकर सनदी नोकरी सोडून आलेला, भारतीय वेष घालून 'फकीरसिंग' म्हणवून घेणारा. मिरवणुका काढल्या म्हणून इंग्रज सरकारनंच त्यांना पकडलं.

मराठी वाचकाला जवळची गोष्ट मात्र पंडिता रमाबाईंची. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागात 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी सिस्टरांनी चालवलेलं घर पाहिलं. अशा बायकांना कुणी जवळ घेतं, हेच त्यांना नवं होतं. असं का करता, असं विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पुढे केडगावात मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी अशाच बायकांसाठी कृपासदन उभारलं.

इंदूरला कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे लोक १८७७ मध्ये आले. किशोरकुमार जिथे शिकले ते क्रिश्चियन कॉलेज त्यांनीच १८८७ मध्ये काढलं. शाळा आणि दवाखाने ही त्यांची ओळख. रस्त्यावरच्या व्यसनी माणसाचं काम त्या मानानं नवं आणि लहान आहे, आणि म्हणूनच बहुधा गैरसमज जास्त.

माळ घातलेल्या माणसाकडे बघा

दारू उतरवणं हे आठ-दहा दिवसांचं काम. न पिणं जन्मभराचं. हे दुसरं काम मिशन कसं करतं, ते समजायला परदेशात जायला नको.

तुमच्या गावाकडे कुणीतरी माळ घातली असेल. तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू सुटते. मण्यांत औषध नसतं. पण ज्या संध्याकाळी तो गुत्त्यावर बसायचा, त्या संध्याकाळी आता भजन असतं. एकादशी असते. आषाढात चालायला सोबत असते. "काय माळकरी, बरंय ना?" म्हणणारी चार माणसं असतात, आणि त्यांच्यासमोर तोंडाला वास येण्याची लाज असते. बाटलीनं रिकामी केलेली जागा कशानं तरी भरली जाते.

मिशनच्या केंद्रातली दिनचर्या हेच करते. पहाटे उठणं, प्रार्थना, झाडू, स्वयंपाक, वाचन, गाणी, आणि 'साक्ष', म्हणजे मी काय होतो आणि काय झालो हे सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माझ्याहून वाईट होता, हा उभा आहे तर मीही राहीन. बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला बाप परत आलेल्या पोराला दुरून पाहून धावत जातो, ती गोष्ट तिथे सतत सांगतात. घरानं टाकलेल्या माणसाला त्यातलं धावत येणं पुरतं.

'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस', म्हणजे ए.ए., ही याच रोपाची धर्मनिरपेक्ष फांदी. तिचा एक संस्थापक बिल विल्सन १९३४ मध्ये पिऊन न्यूयॉर्कच्या एका चर्चच्या मिशनमध्ये पोचला होता, आणि थोड्याच दिवसांत हॉस्पिटलात दाखल झाला. मिशन आणि हॉस्पिटल, दोन्ही. पुढच्याच वर्षी ए.ए. सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांत देव आहे, पण 'ज्याला जसा समजला तसा'. ए.ए. आणि तिच्याकडे नेणाऱ्या उपचारांवरच्या २७ अभ्यासांचा आढावा २०२० मध्ये निघाला. सलग न पिता राहण्याच्या बाबतीत हा मार्ग इतर नावाजलेल्या समुपदेशनाहून सरस ठरला. हे अभ्यास इंदूरच्या फलाटावर झालेले नाहीत, आणि त्यात तपासला गेला तो गट, पाठपुरावा आणि सोबत. कुठला देव खरा, हे नव्हे.

आपल्याकडचं बोलकं उदाहरण म्हणजे वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी सुरू केलेलं कृपा फाउंडेशन. फादर स्वतः दारूतून बाहेर आलेले आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. त्यामुळे ए.ए.च्या पायऱ्यांबरोबर योगासनं. कॅथलिक धर्मगुरू मुसलमान पेशंटला पुण्याच्या योगाचार्यांची आसनं शिकवतोय, हे चित्र आपल्या ठरलेल्या खणांत बसत नाही. पुण्यातल्या मुक्तांगणनं १९८६ पासून धर्माचं नाव न घेता हेच काम केलं आहे. म्हणजे ख्रिस्ती असल्याशिवाय हे जमत नाही, असं मुळीच नाही. पण फुटपाथवर रात्री अकराला खाली बसून उलटी पुसायला कोण येतं, असा प्रश्न आला की यादी आखडते.

"पण हे धर्मांतरासाठीच ना?"

ओट्यावरच्या दुसऱ्या काकांचा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगणं हा ख्रिस्ती धर्माचाच भाग आहे, आणि काही मंडळी ते उघडपणे करतात. ते नाकारण्यात अर्थ नाही.

कायदा काय म्हणतो? मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा १९६८ पासून आहे. त्यालाच आव्हान दिलेल्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये सांगितलं, धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही. २०२१ चा नवा कायदा आणखी कडक आहे. भेटवस्तू, पैसा, नोकरी, चांगल्या राहणीमानाचं आमिष, दैवी कृपेचं आश्वासन, हे सगळं त्यात 'प्रलोभन' या शब्दाखाली येतं. साधी शिक्षा एक ते पाच वर्षं.

मग ताटभर खिचडी प्रलोभन झाली का? माझी फूटपट्टी साधी आहे. प्रार्थनेला न बसणाऱ्यालाही तेवढीच खिचडी आणि तीच खाट मिळते का? मिळत असेल तर ती सेवा. प्रार्थनेनंतरच ताट येत असेल तर तो सौदा, मग वाटणारा कितीही प्रेमळ असो. आणि उतारात कापत असलेल्या माणसाकडून पहिल्या महिन्यात कशावरही सही घेऊ नये, धर्माच्या नाही, घराच्या कागदावरही नाही. तो त्या वेळी कशालाही हो म्हणेल. जाणते फादर-सिस्टर हे स्वतःच सांगतात, भीतीपोटी घेतलेली श्रद्धा पहिल्या पगाराबरोबर जाते.

दुसरी बाजूही आहे. दोन वर्षं न प्यायलेला माणूस शुद्धीवर, विचार करून एखाद्या देवाला आपला म्हणाला, तर त्याला 'फसवलेला' म्हणणं हाही त्याचा अपमानच. व्यसनी होता म्हणून त्याला कधीच अक्कल येणार नाही, असं का धरायचं?

परदेशी पैशाचा मुद्दा थोडक्यात. बाहेरून येणारी देणगी आता दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात उतरते, पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि त्यातला २० टक्क्यांहून जास्त भाग कार्यालयीन खर्चाला वापरता येत नाही. रात्री खिचडी वाटणारे बरेच लहान गट त्या वाटेला जातच नाहीत. त्यांचा तांदूळ रविवारच्या अर्पणातून येतो.

"फुकट खाऊ घातलं की माणूस आळशी होतो"

अहिल्यादेवींच्या शहरात बसून हे म्हणणं जरा जड जातं. त्यांनी अन्नछत्रं उघडली तेव्हा जेवणाऱ्याची परीक्षा घेतली नव्हती. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या आणि दारूवर कोरडेही ओढले, दोन्ही एकाच तोंडानं. जेवणानं व्यसन सुटत नाही हे खरंच. पण रोज त्याच वेळी, त्याच खांबापाशी, नावानं हाक मारून ताट देणारा माणूस चाळिसाव्या दिवशी "दवाखान्यात येतोस का?" विचारू शकतो. अनोळखी माणसानं विचारलं तर शिवी मिळते.

"बांधून ठेवल्याशिवाय सुटत नाही"

सुटतं. आणि बांधणं बेकायदाही आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनाशी जोडलेल्या विकारांनाही लागू आहे. इच्छेविरुद्ध ठेवायचं तर त्याला ठरलेली रीत आहे, तज्ज्ञांची तपासणी लागते. साखळी नाही, मार नाही. त्या कायद्यात सक्तीनं डोकं भादरण्यालाही स्पष्ट मनाई आहे. कुलूपबंद, भेटायला मनाई, 'पहिले तीन महिने फोन नाही' असं सांगणारं केंद्र कुणाचंही असो, तिथून माणसाला परत आणा. विचारपूस करायची असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी फोन आहे, दोन्ही फुकट.

"आणि पुन्हा प्यायला तर?"

बरेच जण पितात. मधुमेहाच्या माणसानं लग्नात गुलाबजाम खाल्ला म्हणून त्याची गोळी कुणी बंद करत नाही. शोमरोनी 'परत येताना देईन' म्हणाला होता. मुक्तिफौजेनं तर १८८३ मध्ये चर्चमधला द्राक्षारसाचा विधीच बंद केला. त्यामागच्या कारणांत दारूतून उठलेल्या माणसाला एक घोटही भारी पडतो, हेही होतं.

पण पुन्हा पिण्याचं सगळ्यात मोठं कारण मला वेगळं दिसतं. नव्वद दिवसांनी केंद्राचं दार उघडतं आणि माणूस जातो कुठे? त्याच फलाटावर. त्याच खांबापाशी तेच मित्र. खोली भाड्यानं घ्यायची तर ओळखपत्र हवं, ओळखपत्राला पत्ता हवा, पत्त्याला खोली हवी. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून काहींनी उलटा प्रयोग केला: आधी घराची किल्ली, दारू सोडायची अट नाही, बाकीचं नंतर. मिशनच्या जुन्या विचाराला हा धक्का होता, तिथे आधी सुधारणा आणि मग छप्पर. आपल्याकडे किल्ली देण्याइतका पैसा कुणाकडे नाही. म्हणून चांगली केंद्रं एक छोटं, कंटाळवाणं काम करतात. त्याला आधार केंद्रावर घेऊन जातात. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला तिथे पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो.

हे सगळं ओट्यावर सांगून झालं. दुसरे काका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "त्या आधारच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो का रे?"

नसतो.